फॉर्मलिन सोडून हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेकडे: ५४ घनमीटरच्या इनॉक्युलेशन रूमचं गणित

जुळेसोलापूर_टीसी

नमस्कार मंडळी. डाळिंबाच्या टिश्यू कल्चर लॅबमधली इनॉक्युलेशन रूम (रोपांचे तुकडे निर्जंतुक बाटल्यांत लावायची खोली) आहे. आतून साडेचार बाय चार मीटर, उंची तीन मीटर, म्हणजे ५४ घनमीटर. दोन लॅमिनार (गाळलेल्या हवेच्या झोतात काम करायची टेबलं), एक स्प्लिट एसी, भिंतीत ९ इंची एक्झॉस्ट. खाली शहाबादी फरशी. भिंतींना सात फुटांपर्यंत ऑइल पेंट, त्याच्यावर चुना.

सध्या महिन्यातून एकदा फॉर्मलिन (फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण) आणि पोटॅशियम परमँगनेटची धुरी देतो आणि दुसऱ्या दिवशी अमोनिया ठेवतो. तरी दोन दिवस डोळे चुरचुरतात आणि लॅमिनारच्या काचेवर पांढरी पूड बसते. फॉर्मल्डिहाइड माणसात कॅन्सर करतं, असं आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) २००४ सालीच ठरवलंय, त्यामुळे ते बंद करायचंच आहे. पर्याय तीन समोर आलेत:

१) ११ टक्के पेरॉक्साइड आणि सिल्व्हरवालं औषध, साध्या फॉगरने.
२) ३५ टक्के पेरॉक्साइडची वाफ करणारं मशीन, भाड्याने.
३) अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या ब्लीचिंगला ५० टक्क्यांचा पेरॉक्साइड येतो. तो स्वस्तात मिळेल, पाणी घालून ३५ करायचा.

फॉगर आणि वाफ एकच का? किती लागेल? एसी आणि लॅमिनार चालू ठेवायचे की बंद? आणि काम झालं हे कळणार कसं?

वाफारा

मॅडम, एकच नाही. विकणारे दोन्हींना 'पेरॉक्साइड फ्युमिगेशन' म्हणतात, तिथेच घोळ होतो.

फॉगर थेंब उडवतो. ते थेंब समोरच्या आणि वरच्या बाजूला बसतात आणि जड असतील तर दोन मीटरवर खाली पडतात. टेबलाची खालची बाजू, रॅकच्या मागची भिंत, लॅमिनारच्या पायांमधली जागा तशीच राहते. वाफ म्हणजे वायू. हवा जाते तिथे ती जाते.

आता आकडे. ११ टक्क्यांचं औषध पाण्यात २० टक्के घातलं की द्रावणात पेरॉक्साइड उरतो २.२ टक्के. हजार घनफुटांना, म्हणजे २८ घनमीटरला, एक लिटर फॉग केलं तर २२ ग्रॅम पेरॉक्साइड. घनमीटरला ०.८ ग्रॅमसुद्धा नाही. वाफेच्या मशीनला सुरुवातीचा अंदाज म्हणून ३५ टक्क्यांचं द्रावण घनमीटरला १० ग्रॅम धरा. तुमच्या खोलीला ५४० ग्रॅम. घनता १.१३ असल्याने मापात ते सुमारे ४८० मिली. त्यात शुद्ध पेरॉक्साइड १८९ ग्रॅम, म्हणजे घनमीटरला साडेतीन ग्रॅम. चौपटीहून जास्त फरक आहे, शिवाय पोचण्यातला फरक वेगळा. रोजच्या पुसण्याच्या जोडीला फॉगर चालेल. बीजाणू (जंतूंचं टणक, सुप्त रूप) मारायचे तर वाफच.

मशीनची खरी करामत मात्र वेगळी आहे. पाणी १०० अंशांना उकळतं, पेरॉक्साइड १५० ला. द्रावण भांड्यात ठेवून तापवलं तर आधी पाणी उडतं आणि तळाशी पेरॉक्साइड तीव्र होत जातो. ७० टक्क्यांच्या वरचा पेरॉक्साइड आणि त्यात पडलेली थोडीशी घाण, एवढं स्फोटाला पुरतं. म्हणून मशीन तापलेल्या प्लेटवर थेंब थेंब टाकतं. प्रत्येक थेंब पडताक्षणी अख्खा वाफ होतो, पाणी आणि पेरॉक्साइड दोन्ही एकाच वेळी.

तिसरा पर्याय विसरा. ब्लीचिंगच्या मालात तो टिकावा म्हणून फॉस्फेट किंवा टिनचे स्टॅबिलायझर असतात. ते उडत नाहीत, प्लेटवर चिकटून बसतात. चार-सहा वेळांत प्लेटवर पापुद्रा येतो, थेंब वाफ न होता ओघळतो आणि मशीन 'चालू' दिसत असूनही खोलीत काही पोचत नाही. पाणी घालायचं ते नळाचं घालाल तर आणखी वाईट. क्षार, लोह, तांबं यांच्या अंशानेही पेरॉक्साइड कॅनमध्येच फुटत राहतो. मशीनवाल्याने सांगितलेल्या प्रतीचाच, कमी अवशेष सोडणारा ३५ टक्के घ्या.

सात_रस्ता

मशीनचं भाडं वाचवायचं असेल तर? घरी वापरायचा अल्ट्रासोनिक ह्युमिडिफायर मिळतो, त्यात ३५ टक्के भरून ठेवला तर धूर निघेलच की.

वाफारा

निघेल, पण तो धूर म्हणजे थेंबच. ३५ टक्क्यांचे थेंब फरशीवर, स्विचबोर्डवर आणि दार उघडणाऱ्याच्या डोळ्यांत. कातडीवर हे द्रावण पडलं की जागा पांढरी पडते आणि झोंबते. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. करू नका की ओ.

होटगीरोड

मशीन कुठलं यावर चर्चा बरीच होते. काम बिघडतं ते खोलीत. तुमच्या वर्णनातल्याच गोष्टी घेतो.

चुना आधी काढा. चुना अल्कलीधर्मी, त्यावर पेरॉक्साइड टिकत नाही, पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातो. शहाबादी फरशीची तीच गत: चुनखडीचा दगड, वर सच्छिद्र. वाफ पितेही आणि फोडतेही. मशीन ओतत राहतं आणि खोलीतलं प्रमाण वर चढत नाही. फरशीवर इपॉक्सी आणि भिंतीला छतापर्यंत इपॉक्सी पेंट हा एकदाचा खर्च आहे, तो मशीनच्या आधी करा. रंग पूर्ण वाळून आठवडा जाऊ द्या.

मग कापूस आणि कागद. आपल्याकडे पेट्री डिश आणि चिमटे वर्तमानपत्रात गुंडाळून ऑटोक्लेव्ह करायची पद्धत आहे, ते सगळे गठ्ठे बाहेर. कापसाचे बोळे, सुती एप्रन, रजिस्टर, पुठ्ठ्याची खोकी, बाटल्यांची कागदी लेबलंही बाहेर. सेल्युलोज ही वाफ शोषून घेतं आणि नंतर दोन-दोन दिवस हळूहळू सोडत राहतं. सोलापुरात हे वेगळं सांगायला लागू नये, पण एका रॅकवर सहा टॉवेल घडी करून ठेवले तरी खोलीतल्या वाफेच्या प्रमाणाच्या आलेखात फरक दिसतो. सांडलेला पेरॉक्साइड टॉवेलने पुसून तो टॉवेल कोपऱ्यात टाकण्याची चूक तर अजिबात नको. पाणी उडून पेरॉक्साइड तीव्र होतो आणि सुती कापड आपोआप पेट घेऊ शकतं. आधी भरपूर पाणी ओता, मग पुसा, मग ते कापड बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवा.

कल्चरच्या बाटल्या एकही आत नको, रोपांनाही वाफ सोसत नाही.

धातूत स्टेनलेस स्टील ३०४ आणि ३१६ ठीक. पितळ, तांबं, गंजलेलं लोखंड नको: स्वतः खराब होतं आणि वाफही फोडतं. बर्नरची पितळी तोटी काढून ठेवा. नायलॉन आणि नैसर्गिक रबर ठिसूळ होतं. काच, पॉलिप्रोपिलीन, एचडीपीई, टेफ्लॉन बिनधास्त.

एसी: आतलं कॉइल तांब्याचं. वाफ सोडताना बंद, आणि तोंडावर प्लास्टिक लावून टेप. पण बुरशीचं घर तेच असतं, तेव्हा कॉइल, ट्रे आणि फिल्टर आदल्या दिवशी हाताने धुऊन घ्या. झाकलेल्या जागी वाफ पोचत नाही, हे साधं वाटलं तरी विसरलं जातं.

लॅमिनार: ब्लोअर चालू ठेवा, म्हणजे वाफ हेपामधून (बारीक कण अडवणारा फिल्टर) फिरेल. हेपाची फ्रेम लाकडी आणि आतले सेपरेटर क्राफ्ट पेपरचे असतील (जुन्या मशीनमध्ये असतात) तर ते वाफ खातील. ॲल्युमिनियमचे असतील तर चालतं. यूव्ही ट्यूब बंद, कारण यूव्ही पेरॉक्साइड फोडतं.

सीलिंग करताना लोक दाराला टेप लावतात आणि एसीचा ड्रेन पाइप, वायरींचे पाइप, बेसिनचा ट्रॅप विसरतात. एक्झॉस्ट बाहेरून झाका. मग आत लॅमिनार चालू करून बाहेरच्या बाजूने फटीफटीला अगरबत्ती धरा. धूर हलला तिथे टेप. स्मोक डिटेक्टर असेल तर वाफेने तो वाजू शकतो. जबाबदार माणसाला सांगून झाका आणि काम झाल्यावर झाकण काढलं याची नोंद करा.

आणि साफसफाई! वाफ मळाच्या आत जात नाही. अगारचा वाळलेला थेंब, पेशींचा चिखल, रक्त असल्या गोष्टींत कॅटलेस (पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम) असतं किंवा नुसताच जाड थर असतो. खालचे जंतू शाबूत राहतात. साबणपाण्याने धुवा, मग डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याने पुसा, मग पूर्ण कोरडं करा. फॉर्मलिनची ती पांढरी पूड ओल्या कापडाने पूर्ण काढा. फॉर्मलिन आणि पेरॉक्साइड एकमेकांत अजिबात मिसळू द्यायचे नाहीत.

जुळेसोलापूर_टीसी

सर, खूप उपयोगी. चुन्याचं तर डोक्यातच नव्हतं. आता ऋतूचं विचारते. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश, हवा कोरडी. फॉर्मलिनच्या वेळी पाणी शिंपडून आर्द्रता वाढवायचो. इथेही तसंच करायचं का?

वाफारा

उलट. फॉर्मल्डिहाइडला ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते, म्हणून उन्हाळ्यात ते नीट चालत नाही. पेरॉक्साइडला सुरुवात कोरड्यातून हवी.

कारण असं. २५ अंशांच्या हवेत घनमीटरला फार तर २३ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. आर्द्रता ४० टक्के असेल तर ९ ग्रॅम आधीच भरलेत, १४ ची जागा शिल्लक. तुम्ही सोडणार घनमीटरला १० ग्रॅम द्रावण, त्यात पाणी साडेसहा ग्रॅम, म्हणजे बसलं. श्रावणात आर्द्रता ८० टक्के असेल तर शिल्लक जागा साडेचार ग्रॅमची. उरलेलं काचेवर आणि एसीच्या गार भागावर थेंब होऊन बसणार. हे थेंब मूळ द्रावणापेक्षा तीव्र असतात, कारण पेरॉक्साइड पाण्याच्या आधी द्रवरूप होतो. रंग उडतो, रबर खराब होतं, आणि हवेतलं प्रमाण मात्र घसरतं.

तापलेल्या खोलीत दुसरं टोक. ३५ अंशांना हवेत जवळजवळ ४० ग्रॅम मावतात. काही मशीनचं काम पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर जमण्यावर चालतं. खोली तापलेली असेल तर तो थर जमतच नाही आणि २५ अंशांवर बसवलेली मात्रा कमी पडते. पश्चिमेची भिंत उन्हात असेल तर एसी बंद केल्यावर तासाभरातच खोली चढायला लागते. म्हणून पहाटे करा. आदल्या रात्री एसी ड्राय मोडवर, खोली २४-२५ अंश आणि आर्द्रता ५० च्या खाली, मग एसी बंद करून झाकायचा आणि लगेच सुरुवात.

वेळापत्रक साधारण असं पडेल. मिनिटाला ९ ग्रॅम सोडणारं मशीन असेल तर ५४० ग्रॅमला तास. मग पाऊण-एक तास थांबा. या वेळात मशीन थोडं थोडं सोडून प्रमाण धरून ठेवतं. कोपऱ्यांत दोन छोटे पंखे तिरके लावा. एकाच ठिकाणी वाफ साचली तर मशीनसमोर ओल आणि दाराजवळ काहीच नाही, असं होतं. सेन्सर मशीनवर नको, सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात ठेवा.

आलेख वाचायला शिका. आधी चढून मग सपाट झाला तर ठीक. मशीन सोडत असतानाच उतरू लागला तर गळती, किंवा आत काहीतरी वाफ खातंय. कधीच चढला नाही तर प्लेट तपासा, द्रावण तपासा.

मध्येच वीज गेली तर ती फेरी बाद. जिथे थांबली तिथून पुढे चालवायची नाही. आधी वाफ काढायची, मग नव्याने. हीटरचा भार घरगुती इन्व्हर्टर ओढत नाही, पण मीटर आणि एक्झॉस्ट त्यावर जरूर टाका, म्हणजे अंधारात अडकायला नको.

सात_रस्ता

आत कधी जायचं? वास गेला की?

होटगीरोड

वासावर जाऊ नका, याला भरवशाचा वास नाही. आठ तासांच्या कामाची मर्यादा १ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) आणि ७५ पीपीएमला जिवाला लगेच धोका मानतात. फेरी चालू असताना आत त्याच्या कैक पट असतं. मोठ्या रेंजचा सेन्सर १ पीपीएमजवळ बिनकामाचा. बाहेर पडायच्या वेळी वेगळा, छोट्या रेंजचा मीटर किंवा ०.१ ते ३ पीपीएमची डिटेक्टर ट्यूब लागते. तोच मीटर फेरी चालू असताना दाराबाहेर आणि शेजारच्या खोलीत फिरवा.

वेळेचं गणित: ३०० पीपीएमवरून १ वर यायला खोलीची हवा पावणेसहा वेळा बदलावी लागते. तुमचा पंखा तासाला ५४० घनमीटर खरंच खेचत असेल (फाटकी जाळी असलेला खेचत नाही) तर तासाला १० वेळा, म्हणजे ३५ मिनिटं. हे कागदावर. प्रत्यक्षात रंग, सिलिकॉन, प्लास्टिक शोषलेली वाफ परत सोडतात, आणि १ पीपीएम दिसल्यावर पंखा बंद केला की अर्ध्या तासात पुन्हा ३-४ दिसतात. म्हणून पंखा बंद करून अर्धा तास थांबा, मग पुन्हा मोजा. तेव्हा १ च्या खाली असेल तरच उघडा.

एक्झॉस्टचं तोंड गच्चीच्या वर काढा, शेजारच्या पॅसेजमध्ये नको. आणि खरं सांगायचं तर इनॉक्युलेशन रूमला भिंतीतला उघडा पंखा हवाच कशाला? तो जेवढी हवा फेकतो तेवढी दाराखालून धुळीसकट आत येते. पहाटे निर्जंतुक केलेली खोली नऊ वाजेपर्यंत होटगी रोडच्या धुळीने भरलेली. येणारी हवा हेपामधून आली पाहिजे. ते शक्य नसेल तर पेरॉक्साइड फोडणारा कॅटॅलिस्ट असलेलं मशीन मागा, म्हणजे खोली बंद ठेवूनच वाफ उतरते.

साधा मास्क किंवा कोळशाचा मास्क घालून 'फक्त दोन मिनिटं' आत जाणं बंद. मशीन बाहेरून बंद होईल अशी वायर काढा, दाराला कुलूप आणि किल्ली एकाच माणसाकडे.

जुळेसोलापूर_टीसी

समजलं. शेवटचं: बीजाणूंची तपासणी कशी? आणि भाड्याच्या मशीनबरोबर आलेलं द्रावण खरंच ३५ टक्के आहे का, हे आमच्याकडे कळू शकेल का?

वाफारा

द्रावणाचं आधी, कारण सामान तुमच्याकडे आहेच. धुरीला वापरायचं ते परमँगनेट आता ब्युरेटमध्ये घाला. ०.१ नॉर्मलसाठी लिटरला ३.१६ ग्रॅम. १ ग्रॅम द्रावण नेमकं तोला, डीआय पाण्याने २५० मिली करा, त्यातले २५ मिली घ्या, २० मिली सौम्य सल्फ्युरिक ॲसिड घाला आणि फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकेपर्यंत टायट्रेट करा. १ मिली परमँगनेट म्हणजे १.७०१ मिलीग्रॅम पेरॉक्साइड. ३५ टक्क्यांना २०.६ मिली यायला हवेत. १८ आले तर द्रावण ३०.६ टक्क्यांवर उतरलंय. मात्र परमँगनेटची पूड आणि तीव्र पेरॉक्साइड चुकूनही एकत्र येऊ देऊ नका, उसळून अंगावर येतं. कपाटंसुद्धा वेगळी ठेवा.

कॅन मूळचाच, वाफ सुटायला भोक असलेल्या झाकणाचा. सावलीत, गार जागी. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात नाही. उरलेलं द्रावण परत कॅनमध्ये ओतायचं नाही.

आता बीजाणू. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णताप्रिय जिवाणूचे दहा लाख बीजाणू स्टीलच्या चकतीवर, टायव्हेकच्या (वाफ आत जाऊ देणारं प्लास्टिकचं कापड) पाकिटात मिळतात. ऑटोक्लेव्हसाठीच्या कागदी पट्ट्या घेऊ नका. नाव तेच असलं तरी कागद इथे चालत नाही. तुमच्या खोलीत दहा-बारा जागा: वरचे-खालचे कोपरे, टेबलाखाली, लॅमिनारच्या मागे आणि फिल्टरच्या पुढे, उघड्या ड्रॉवरमध्ये, दाराच्या चौकटीवर. कठीण वाटणाऱ्या जागी तीन-तीन ठेवा. एखाद्या चकतीवर बीजाणूंचा गठ्ठा झालेला असतो आणि ती एकटीच उगवते, ते ओळखता येतं. तिन्ही उगवल्या तर तिथे वाफच पोचली नाही.

काढल्यावर सोयाबीन केसिन मीडियात टाकून ५५ ते ६० अंशांना सात दिवस. तुमची ग्रोथ रूम २५ ची, तिथे हे उगवणारच नाही आणि सगळं 'पास' दिसेल. छोटा इन्क्युबेटर लागेल. वाफ न दिलेली एक चकती सोबत ठेवा. ती गढूळ झाली नाही तर अख्खी चाचणी रद्द. रंग बदलणारी पट्टी फक्त वाफ तिथवर आली एवढं सांगते.

पहिल्यांदा वेळ अर्धा ठेवून चालवा. अर्ध्या वेळात सगळ्या चकत्यांवरचे बीजाणू मेले तर नेहमीच्या वापराला पूर्ण वेळ ठेवा.

होटगीरोड

मॅडम, खर्च करायच्या आधी एक गोष्ट तपासा. बाटल्या नेमक्या कशा खराब होतायत? बुरशी मीडियाच्या पृष्ठभागावर कुठेही, नाहीतर झाकणाच्या कडेने सुरू होत असेल तर खोली, हवा किंवा झाकण. पण रोपाच्या बुडाशीच दुधाळ वलय येत असेल, तेही दुसऱ्या-तिसऱ्या सबकल्चरनंतर (रोपं नव्या मीडियात हलवल्यावर), तर जिवाणू डाळिंबाच्या फांदीतूनच आलेत. खोलीत कितीही वाफ सोडा, ते जाणार नाहीत. तिथे मातृवृक्ष आणि एक्सप्लांटची (झाडावरून घेतलेला सुरुवातीचा तुकडा) निवड बदलावी लागते.

९० मिलीमीटरच्या प्लेट घ्या, जिवाणूंसाठी न्यूट्रिएंट अगार आणि बुरशीसाठी पोटॅटो डेक्स्ट्रोज. काम चालू असताना चार तास उघड्या ठेवा: दोन्ही लॅमिनारच्या आत, एसीच्या खाली, दाराशी. एसीखालची प्लेटच भरली तर आधी कॉइल धुवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा लावा. मशीनची तारीख त्यानंतर ठरवा.